माझदा एमएक्स-५ मध्ये ऑइल प्रेशर आणि ऑइल टेम्परेचर गेज : सेन्सर कुठे बसवावे आणि आकडे कसे वाचावेत

रोडस्टर_९६ (मूळ लेखन)

नमस्कार. माझ्याकडे १९९६ सालची, पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे. अमेरिकेत तिला सगळे मियाटा म्हणतात. इंजिन १.८ लिटरचे असून ते अजून मूळ स्थितीत आहे. कॅलिफोर्नियात राहत असल्यामुळे लगूना सेका आणि विलोज गावाजवळचे थंडरहिल हे दोन्ही ट्रॅक माझ्या आवाक्यात आहेत आणि ट्रॅक-डेला गाडी घेऊन जाणे हा माझा मुख्य छंद आहे. सॅक्रामेंटो खोऱ्यात उन्हाळ्यात पारा सहज ४० अंशांच्या वर जातो, त्यामुळे इंजिनच्या ऑइलची काळजी वाटणे स्वाभाविक आहे.

माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचा काटा आहे, पण १९९५ च्या मॉडेलपासून माझदाने तो केवळ नावापुरता ठेवला आहे. त्याआधीच्या गाड्यांमधला सेंडर खरोखर दाब मोजत असे. नंतरच्या गाड्यांमध्ये त्याच्या जागी साधा स्विच आला. दाब थोड्याशा पीएसआयच्या (पाउंड प्रति चौरस इंच) वर असला की काटा मध्यावर जाऊन उभा राहतो, आणि मग प्रत्यक्ष दाब २० असो वा ६०, तो जागचा हलत नाही. ऑइलच्या तापमानाचे गेज तर या गाडीला कधीच नव्हते. म्हणून दाब आणि तापमान ही दोन्ही गेज बाहेरून घेऊन बसवायचे मी ठरवले आहे.

माझे प्रश्न असे. दाबाचा सेन्सर मूळ सेंडरच्या जागी बसवावा की ऑइल फिल्टरखाली सँडविच प्लेट (फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसणारी चकती) लावून तिच्यात? तापमानाचा सेन्सर ऑइल चेंबरच्या ड्रेन बोल्टमध्ये बसवणे योग्य ठरेल का? मेकॅनिकल गेज घ्यावे की इलेक्ट्रिकल? आणि गेज बसवल्यानंतर कोणता आकडा ठीक आणि कोणता धोक्याचा, हे कसे ठरवावे? ज्यांनी स्वतः हे काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

टेस्टबेड_पुणे

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याच्या उत्तरावर बाकीचे निर्णय अवलंबून आहेत. इंजिनच्या चाचणीकक्षात काम करताना आम्ही ऑइलच्या दाबाचा आकडा तापमानाशिवाय कधीच नोंदवत नाही. दाब म्हणजे पंपाने ढकललेल्या ऑइलला बेअरिंगांच्या फटींमधून होणारा विरोध. ऑइल गरम होऊन पातळ झाले की हा विरोध कमी होतो आणि दाब उतरतो. थंड इंजिनमध्ये ऑइल घट्ट असते, तेव्हा दाब इतका चढतो की पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जास्तीचे ऑइल परत सोडतो. बऱ्याच पेट्रोल इंजिनांमध्ये हे साधारण ६० ते ७० पीएसआयच्या आसपास घडते. म्हणून सकाळी सुरू केलेल्या इंजिनचा भरपूर दाब पाहून समाधान मानण्यात अर्थ नाही, आणि ट्रॅकवर १२० अंश तापलेल्या ऑइलचा दाब थोडा कमी दिसला म्हणून घाबरण्याचेही कारण नाही. तुम्ही दोन्ही गेज एकदम बसवत आहात, हा निर्णय अगदी योग्य आहे. एकटे प्रेशर गेज अर्धीच माहिती देते.

दर १००० आरपीएमला किमान १० पीएसआय हा जुना ठोकताळा गरम इंजिनसाठी आजही उपयोगी पडतो. पूर्ण तापलेल्या इंजिनने आयडलवर १५ च्या आसपास आणि ३००० आरपीएमला ४० च्या पुढे दाब दाखवला तर सामान्यतः काळजी करू नये. तरीही या ठोकताळ्यापेक्षा तुमच्या स्वतःच्या इंजिनची नोंद अधिक मोलाची आहे. एकच ग्रेडचे ऑइल, एकच आरपीएम, उदाहरणार्थ ३०००, आणि ऑइलचे तापमान ८०, ९०, १००, ११० अंश असताना दाब किती, हे एका वहीत लिहून ठेवा. पुढे कधी १०० अंशांवरचा तुमचा नेहमीचा ५० चा आकडा ४२ वर आला, तर तो शास्त्राच्या पुस्तकात बसत असला तरी तुमच्या इंजिनमध्ये काहीतरी बदलले आहे. बेअरिंग झिजले असेल, ऑइलमध्ये पेट्रोल मिसळले असेल किंवा पंप थकला असेल. शोध तिथून सुरू करावा.

ग्रेडविषयीही दोन वाक्ये लिहितो. एसएई जे३०० या मानकानुसार १०० अंश सेल्सियसला ३० ग्रेडच्या ऑइलची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक आणि ४० ग्रेडची १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते. म्हणजे ५डब्ल्यू-३० काढून ५डब्ल्यू-४० भरले तर दाब आपोआप वाढलेला दिसेल. तो वाढलेला आकडा म्हणजे इंजिनची तब्येत सुधारली असे नव्हे. ग्रेड बदलली की वहीत नवीन पान सुरू करावे.

तापमान कुठे मोजायचे, हा खरा महत्त्वाचा प्रश्न आहे. चेंबरमध्ये मोजले तर इंजिनभर फिरून परत आलेल्या ऑइलच्या साठ्याचे तापमान कळते. फिल्टरपाशी मोजले तर पंपातून बेअरिंगांकडे निघालेल्या, वाहत्या ऑइलचे कळते. पुढे ऑइल कूलर लावला, तर सेन्सर कूलरच्या आधी आहे की नंतर यावरूनही आकडा बदलतो. यातली एकच जागा बरोबर आणि बाकीच्या चुकीच्या असे नाही. मात्र दोन गाड्यांच्या आकड्यांची तुलना करताना दोघांचे सेन्सर कुठे आहेत हे विचारल्याखेरीज त्या तुलनेला काही किंमत नाही.

सर्व्हिसबे_कोल्हापूर

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. मी प्रत्यक्ष बसवण्याच्या बाजूने लिहितो. माझे बरेचसे काम रॅलीच्या जिप्सींवर झालेले आहे, परंतु जपानी इंजिनांच्या बाबतीत पुढील गोष्टी सारख्याच लागू होतात.

सर्वांत आधी आटे. तुमच्या इंजिनच्या ब्लॉकमध्ये मूळ सेंडरसाठी १/८ इंच बीएसपीटी (ब्रिटिश मानकाचे) आटे आहेत. बाजारात, विशेषतः अमेरिकेत, मिळणारे बहुतेक सेन्सर आणि फिटिंग १/८ इंच एनपीटी (अमेरिकन मानकाच्या) आट्यांचे असतात. दोन्ही निमुळते असून दिसायला जवळजवळ एकसारखे आहेत, पण बीएसपीटीला इंचाला २८ आटे आणि ५५ अंशांचा कोन असतो, तर एनपीटीला इंचाला २७ आटे आणि ६० अंशांचा कोन. एनपीटी फिटिंग बीएसपीटी भोकात एक-दोन फेरे बिनतक्रार जाते आणि मग अडते. अशा वेळी जोर लावून आवळले तर ब्लॉकमधले आटे खराब होतात, आणि ते दुरुस्त करण्यासाठी इंटेक मॅनिफोल्ड काढण्याची वेळ येऊ शकते. एका बाजूला बीएसपीटी आणि दुसऱ्या बाजूला एनपीटी असलेले अॅडॅप्टर सहज मिळते, तेच वापरावे.

दुसरी गोष्ट कंपनाची. मूळ सेंडर काढून तिथे पितळी टी (तीन तोंडांचा जोड) बसवणे, तिच्या एका टोकाला जुना स्विच, दुसऱ्या टोकाला नवा जड सेन्सर, ही रचना आपल्याला अनेक गाड्यांमध्ये दिसते. चार सिलेंडरच्या इंजिनच्या कंपनांनी ती पितळी मान कालांतराने तडकते, आणि ती तडकली की काही क्षणांत गरम ऑइल दाबाने बाहेर पडून सगळे ऑइल रस्त्यावर जाते. इंजिनच्या सुरक्षेसाठी लावलेल्या वस्तूनेच इंजिन निकामी करावे, यासारखे दुर्दैव नाही. म्हणून ब्लॉकमध्ये फक्त पोलादी अॅडॅप्टर लावावे, तिथून स्टीलची जाळी असलेला बारीक ब्रेडेड होज काढावा आणि बॉडीच्या बाजूला एका छोट्या ब्लॉकवर दोन्ही सेन्सर घट्ट बसवावेत. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये फिल्टर आणि सेंडर इंटेकच्या बाजूला आहेत आणि एक्झॉस्ट विरुद्ध बाजूला आहे, त्यामुळे होजला उष्णतेपासून दूर नेणे सोपे जाते. होज कुठेही घासणार नाही आणि इंजिन हलले तरी ताणला जाणार नाही, इतकी सैल ठेवावी.

यातून एक नवी अडचण येते, ती आधीच लक्षात घ्यावी. एका तारेचे सेन्सर आपले अर्थिंग आट्यांमधून ब्लॉककडून घेतात. ते होजच्या टोकाला, बॉडीवर बसवले आणि मधे रंग किंवा रबर आले, तर अर्थ मिळत नाही आणि काटा भलतेच काही दाखवतो. सेन्सरच्या ब्लॉकपासून इंजिनपर्यंत वेगळी अर्थची तार ओढावी, किंवा दोन-तीन तारांचा सेन्सर घ्यावा. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे जाड थर देऊ नयेत. टेपचा तुकडा सुटून ऑइलच्या वाटेत गेला तर तोही घातक आहे. पातळ थराने लावलेले द्रव सीलंट अधिक चांगले, आणि तेही पहिले दोन आटे मोकळे सोडून.

मेकॅनिकल गेजविषयी माझे मत स्पष्ट आहे. १८४९ साली पेटंट घेतलेल्या बूर्दों नळीवर (दाबाने सरळ होऊ पाहणाऱ्या वाकड्या नळीवर) चालणारे हे गेज अचूक असते, त्याला वीज लागत नाही आणि इंजिन तपासताना मी आजही तेच वापरतो. परंतु त्यासाठी गरम, दाबातले ऑइल बारीक नळीतून थेट चालकाच्या पायांपर्यंत केबिनमध्ये आणावे लागते. रस्त्यावरच्या गाडीत मी ते कधीही बसवणार नाही.

आयफेल_८६

मी जर्मनीत राहतो आणि माझी गाडी टोयोटा जीटी८६ आहे. नॉर्डश्लाइफची (नुरबर्गरिंगच्या लांब ट्रॅकची) एक फेरी २०.८ किलोमीटरची असल्यामुळे ऑइलला मधे थंड व्हायला फुरसतच मिळत नाही, आणि कूलर नसलेल्या या गाडीत ऑइलचे तापमान १२० च्या पुढे जाताना मी स्वतः पाहिले आहे. या इंजिनमध्ये तापमान ओबीडीवरून (गाडीतल्या निदान-सॉकेटवरून) वाचता येते. दाबासाठी मात्र फक्त स्विच असल्याने वेगळा सेन्सर लावावाच लागला.

गेज निवडताना ब्रँडपेक्षा सेन्सर आणि गेज यांची जोडी पाहावी. व्हीडीओ या कंपनीच्या जुन्या पद्धतीच्या प्रेशर सेंडरचा रोध दाबाबरोबर सुमारे १० पासून १८० ओहमपर्यंत वाढतो, तर अनेक अमेरिकन गेज २४० ते ३३ ओहमच्या उलट्या पट्टीवर चालतात. एकाचा सेंडर दुसऱ्याला लावला तर काटा हलेल, पण आकडा खोटा असेल. हल्लीचे तीन तारांचे सेन्सर ०.५ ते ४.५ व्होल्टचा संकेत देतात. हे अधिक अचूक असून डेटा लॉगरलाही जोडता येतात. माझा कल त्यांच्याकडेच आहे.

जागेविषयी एक सूचना. ज्या गाड्यांमध्ये कर्टन एअरबॅग (छताच्या कडेतून उघडणाऱ्या) आहेत, त्यांच्या ए-पिलरवर, म्हणजे समोरच्या काचेशेजारच्या खांबावर, गेजचा पॉड (गेज धरणारा कप) बसवू नये. एअरबॅग उघडताना तो पॉड थेट डोक्यावर येऊ शकतो. तुमच्या गाडीत हा प्रश्न नाही, पण हा धागा वाचून दुसरे कोणी बसवायला घेतील, म्हणून लिहिले.

नवशिका_नाशिक

एक प्राथमिक प्रश्न आहे. १९९६ पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या कारना ओबीडी-२ सक्तीचे झाले. मग स्वस्त ब्लूटूथ रीडर लावून मोबाईलवरच हे आकडे पाहता येणार नाहीत का? एवढा खटाटोप कशासाठी?

टेस्टबेड_पुणे

ओबीडीमधून तेवढेच दिसते, जेवढे मोजणारा सेन्सर गाडीत मुळात आहे. त्या एमएक्स-५ मध्ये ऑइलच्या तापमानाचा सेन्सर नाही आणि दाबासाठी केवळ स्विच आहे, म्हणून रीडर कितीही चांगला असला तरी हे आकडे त्यातून मिळणार नाहीत. कूलंटचे तापमान मात्र मिळेल, आणि ते पाहून अनेकांचा गैरसमज होतो. कूलंट काही मिनिटांत नेहमीच्या तापमानाला पोहोचते. ऑइलला त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. ट्रॅकवर उलट होते. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर कूलंटला ९० च्या आसपास धरून ठेवतात आणि त्याच वेळी ऑइल १३० च्या दिशेने चढत असते. कूलंटच्या काट्यावरून ऑइलचा अंदाज बांधू नये.

रोडस्टर_९६

सर्वांचे मनापासून आभार. तुमच्या सूचनांनुसार काम पूर्ण झाले आहे, त्याचा तपशील देतो.

दाबासाठी मूळ सेंडरच्या भोकात बीएसपीटीचे पोलादी अॅडॅप्टर, तिथून ब्रेडेड होज आणि इंजिन कप्प्याच्या बाजूला एक छोटा ब्लॉक अशी रचना केली. त्याच ब्लॉकवर मूळ स्विचही ठेवला, म्हणजे डॅशबोर्डवरचा काटा पूर्वीसारखाच चालतो. मूळ काटाच खरा करून घ्यायचा, म्हणजे १९९४ पर्यंतच्या गाडीतला सेंडर आणि गेजचा भाग दोन्ही आणून बसवायचे, हाही पर्याय होता आणि डॅशबोर्डचे रूप जपू इच्छिणाऱ्यांना मी तो नक्की सुचवीन. मला आकडे आणि अलार्म दोन्ही हवे होते, म्हणून वेगळे गेज घेतले.

तापमानासाठी ड्रेन बोल्टचा विचार सोडून दिला. ही गाडी जमिनीपासून फार खाली आहे आणि चेंबरच्या तळाशी लोंबणारी तार दगडाने तुटू शकते. शिवाय दर ऑइल बदलाच्या वेळी ती सोडवावी लागते. त्याऐवजी एम२० गुणिले १.५ आट्यांची सँडविच प्लेट फिल्टरखाली बसवली आणि तिच्यात सेन्सर लावला. प्लेट बसवताना ब्लॉकचा सपाट भाग स्वच्छ पुसणे आणि जुन्या फिल्टरचे रबरी सील तिथे चिकटून राहिलेले नाही ना, हे बोटाने चाचपणे अत्यावश्यक आहे. एकावर एक दोन सील बसले तर दाबाखाली ते बाहेर ढकलले जाते.

दोन्ही गेज ५२ मिलिमीटरची आहेत. या गाडीच्या डॅशबोर्डवर मधोमध जे गोल एअर व्हेंट आहेत त्यांच्या जागी त्यांचे पॉड चपखल बसतात. वीज इग्निशन चालू झाल्यावर येणाऱ्या सर्किटमधून ३ अॅम्पिअरच्या वेगळ्या फ्यूजने घेतली. गेजच्या दिव्यांसाठी पार्किंग लाइटच्या सर्किटमधून जोड घेतला, पण डिमरची तार प्लसच्या बाजूने चालते की अर्थच्या, हे मल्टीमीटरने तपासल्यानंतरच. तारा फायरवॉलमधून रबरी ग्रोमेटमधूनच आत आणल्या आणि सगळे जोड क्रिंप करून वर हीटश्रिंक लावले.

थंडरहिलवर सलग फेऱ्यांमध्ये तापमान १२५ पर्यंत गेले आणि ३००० आरपीएमला दाब १०० अंशांच्या तुलनेत स्पष्टपणे उतरला. वहीत पहिले पान सुरू झाले आहे. आता प्रश्न कूलरचा. लावावा का?

टेस्टबेड_पुणे

१२५ हा आकडा चांगल्या सिंथेटिक ऑइलला अधूनमधून चालतो, पण तोच नेहमीचा होणार असेल आणि उन्हाळा अजून पुढे असेल, तर मी कूलर लावण्याच्या बाजूने मत देईन. फक्त थर्मोस्टॅट असलेली प्लेट घ्यावी, जी साधारण ८० अंशांना उघडते. थर्मोस्टॅट नसलेल्या कूलरमुळे हिवाळ्यात रोजच्या वापरात ऑइल कधीच १०० च्या जवळ पोहोचत नाही, आणि मग त्यात साचलेले पाणी आणि पेट्रोल वाफ होऊन निघून जात नाही. अति थंड ऑइलही इंजिनला मारक असते, ही गोष्ट ट्रॅकच्या उत्साहात विसरली जाते.

एक तपासणी अजून सुचवतो. तापमानाचा सेन्सर पुन्हा कधी काढाल तेव्हा तारा जोडलेल्या ठेवून आणि अर्थ देऊन तो उकळत्या पाण्यात बुडवा. समुद्रसपाटीच्या जवळ गेजने १०० दाखवले पाहिजे. आमच्याकडे पुण्यात, ५६० मीटर उंचीवर, पाणी साधारण ९८ अंशांना उकळते. दोन-तीन अंशांचा फरक चालेल. दहा अंशांचा फरक आला तर सेन्सर आणि गेजची जोडी चुकली आहे किंवा अर्थ नीट नाही.

सर्व्हिसबे_कोल्हापूर

काम उत्तम झाले आहे. तरीही एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते तीच इंजिन वाचवते. वळणावर १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतके, पार्श्वबल लागले की चेंबरमधल्या ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. त्या इंजिनमध्ये ऑइल जेमतेम चार लिटरच्या आसपास. पातळी थोडी कमी असली तर लांब वळणात पिकअप (पंपाचे ऑइल ओढणारे तोंड) उघडा पडतो, पंप हवा ओढतो आणि दाब अर्ध्या सेकंदात कोसळतो. त्या क्षणी तुमची नजर वळणाच्या टोकाकडे असते, आणि ती तिथेच असली पाहिजे. काटा कितीही अचूक असला तरी तो तेव्हा कोणी पाहत नाही. मूळ इशाऱ्याचा स्विच फार कमी दाबाला लागतो; ६००० आरपीएमला तो लागेपर्यंत बेअरिंग शेल गेलेले असते.

म्हणून गेजच्या अलार्मचा आकडा २० पीएसआयवर ठेवावा आणि त्याला डोळ्यांसमोर, स्टिअरिंगच्या वर, एक मोठा लाल दिवा जोडावा. गरम इंजिन आयडलवर असताना तो दिवा लागेल. ते चालू द्यावे, कारण त्यामुळे दिवा आणि त्याची जोडणी शाबूत असल्याची खात्री दर सिग्नलला मिळते. आरपीएमनुसार मर्यादा बदलणारा लॉगर असेल तर उत्तमच. मग ३००० च्या वर ४० ची मर्यादा ठेवता येते. ट्रॅकवर जाताना ऑइलची पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत असावी.

रोडस्टर_९६

अलार्म २० वर ठेवला आणि लाल दिवा टॅकोमीटरच्या अगदी वर बसवला. कूलरसाठी थर्मोस्टॅटवाली प्लेट मागवली आहे. ती बसल्यावर सेन्सर कूलरच्या आधी राहील की नंतर, हे प्लेटच्या रचनेवर ठरेल, म्हणून वहीत त्यासाठी वेगळे पान ठेवतो आणि आधीचे व नंतरचे दोन्ही आकडे इथेच देतो.

सर्व्हिसबे_कोल्हापूर

प्लेट बसवल्यावर इंजिन पूर्ण तापवून मग थंड होऊ द्या आणि फिल्टर, प्लेट व होजच्या टोकांपाशी पांढरे कापड फिरवून पाहा. निमुळत्या आट्यांचा जोड झिरपत असेल तर तो बहुधा पहिल्या तापण्या-निवण्यातच उघड होतो. कापडावर ओल दिसली तर जोड आणखी आवळू नका. तो पूर्ण सोडवून, आटे स्वच्छ करून, नव्याने सीलंट लावून बसवा.